दोन नेट, एक राउटर

दुसरं कनेक्शन घेतलं ते 'पहिलं गेलं तर असू दे' एवढ्याच विचाराने. पहिलं फायबरचं, १०० एमबीपीएसचं. दुसरं सिम घालून चालणाऱ्या पांढऱ्या डब्याचं, खिडकीत ठेवला तर ४० पर्यंत जाणारं. दोघांच्या वायफायची नावं वेगळी. फायबर गेलं की घरात एकच ओरड व्हायची, "दुसऱ्यावर जा रे!", आणि जो तो आपल्या फोनवर दुसरं नाव निवडायचा. खरी गंमत पुढे. फायबर परत आलं तरी माणसं परत यायची नाहीत. बाबा एकदा आठवडाभर सिमच्या डब्यावर राहिले आणि नेट मंद चालतंय म्हणून फायबरवाल्यांना बोल लावत बसले.

तेव्हा ठरवलं, दोन्ही वायरी एकाच राउटरमध्ये आणायच्या. वायफायचं नाव एक. कुठल्या वाटेने जायचं ते राउटर बघेल. मनात एक छोटा लोभही होता, कबूल करतो: १०० अधिक ४० म्हणजे १४०.

माझ्याकडे पाच पोर्टांचा एक जुना राउटर पडून होता. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मोफत प्रणाली चढवली आणि दोन लायनी सांभाळणारं एमवॅन३ नावाचं पॅकेज घातलं. या राउटरला बाहेरच्या लायनीसाठी पोर्ट एकच आहे, निळा. दुसरी लाइन कुठे लावणार? तर घरातल्या यंत्रांसाठी जे चार पोर्ट असतात त्यातला चौथा त्या टोळीतून बाहेर काढला आणि त्यालाच दुसरा 'वॅन', म्हणजे बाहेरच्या लायनीचा पोर्ट, केला. हे काम सेटिंगच्या पानावर दोन मिनिटांचं आहे, पण ज्या पोर्टातून आपण स्वतः राउटरशी बोलतोय तोच पोर्ट काढून टाकायचा नसतो. मी तोच काढला. राउटर मूळ स्थितीला आणून पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतर सिमच्या डब्याची सेटिंग बघायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, तर माझ्याच राउटरचं पान उघडलं. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि ओपनडब्ल्यूआरटीचा ठरलेला पत्ताही १९२.१६८.१.१. एकाच गल्लीत एकाच क्रमांकाची दोन घरं. घरात वापरायचे हे खासगी पत्ते १९९६ पासून ठरवून दिलेले आहेत, भरपूर आहेत, तरी बहुतेक कंपन्या त्यातले पहिलेवहिलेच उचलतात. राउटरच्या बाजूचं जाळं १९२.१६८.५० वर नेलं तेव्हा डबा सापडला. दोन लायनी जोडणाऱ्याने हे आधी करावं, म्हणजे पुढचे दोन तास वाचतात.

दोन्ही लायनी लागल्या. एमवॅन३ला प्रत्येक लाइनसाठी वेगळं 'मेट्रिक', म्हणजे पसंतीच्या क्रमाचा आकडा, लागतं, नाहीतर बाहेर जायच्या दोन वाटा एकाच वेळी राउटरच्या वाटांच्या तक्त्यात राहत नाहीत. ते १० आणि २० दिलं. वाटणीचं वजन ५ आणि २, म्हणजे १०० ला ४० च्या प्रमाणात. स्थितीच्या पानावर दोघांसमोर 'ऑनलाइन'. मी खुश.

लॅपटॉपवर बातम्यांचं एक पान उघडलं. मजकूर आला, पण निम्मीअर्धी चित्रं फुटकी. रिफ्रेश केलं. मघाशी न आलेली चित्रं आली आणि मघाशी आलेली गेली. पुन्हा केलं, आता तिसराच नमुना. हे पाच-सहा वेळा झाल्यावर ट्यूब पेटली: ब्राउझर एक पान आणायला डझनभर कनेक्शनं उघडतो, त्यातली सातातली दोन सिमच्या वाटेला जातायत आणि तीच मरतायत. पण मग राउटर तिला 'ऑनलाइन' का म्हणतोय? कारण राउटर स्वतः पिंग करून, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते, बघतो आणि त्याचं स्वतःचं पिंग व्यवस्थित जात होतं. अडत होतं ते घरातल्या यंत्रांचं. नवा पोर्ट मी फायरवॉलच्या 'वॅन' विभागात घातलाच नव्हता, त्यामुळे घरातून त्या वाटेने बाहेर जायची परवानगीही नव्हती आणि खासगी पत्ता बदलून बाहेरचा लावणारं नॅटही नव्हतं. एक टिकमार्क. तेवढाच.

मग स्पीड टेस्ट. १३१! मी बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान. आता ती फाइल लवकर येईल का?" तिला ऑफिसची मोठी फाइल उतरवायची होती. लावली. काटा ३८ वर चढला आणि तिथेच बसला. रद्द करून पुन्हा लावली, तर ९४. तिसऱ्यांदा ९५. चौथ्यांदा परत ३७.

"हे काय, लॉटरी आहे का?"

खरोखर लॉटरीच आहे. राउटर वाटतो ती कनेक्शनं, बाइट नव्हे. एखादं कनेक्शन सुरू होताना नाणं उडतं, ते ज्या लाइनवर पडलं त्यावरच शेवटपर्यंत राहतं. स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शनं उघडते, म्हणून तिला दोन्ही लायनींची बेरीज दिसते. साधं डाउनलोड एकाच कनेक्शनवर चालतं, त्याला एकच लाइन मिळते. एका कनेक्शनचे तुकडे दोन्ही वाटांनी पाठवता येत नाहीत का? पलीकडच्या सर्व्हरला एकच संभाषण दोन वेगळ्या पत्त्यांवरून येताना दिसलं, तर ते एकाचंच आहे हे त्याला कळत नाही. आणि कसंबसं जुळवलं तरी वेगवान वाटेचे तुकडे आधी पोचतात, संथ वाटेचे मागून. क्रम उलटसुलट झाला की टीसीपीला (तुकडे क्रमाने पोचवायची नेटची पद्धत) वाटतं मधलं काही हरवलं, आणि ते आपणहून वेग उतरवतं. खरी बेरीज हवी तर बाहेर कुठेतरी एक सर्व्हर भाड्याने घ्यायचा, घरातून दोन्ही वाटांनी त्याच्यापर्यंत जायचं आणि तिथे तुकडे सांधून पुढे पाठवायचे. मल्टिपाथ टीसीपी त्यासाठीच आहे, लिनक्सच्या मूळ गाभ्यात २०२० मध्ये ५.६ पासून आलंही आहे. पण मग घरातलं सगळं त्या एका भाड्याच्या सर्व्हरवर टांगलं जाणार. मी दोन लायनी घेतल्या होत्या त्या कशावरच टांगून राहू नये म्हणून. तो नाद सोडला.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी बाबा चष्मा कपाळावर चढवून माझ्या दारात उभे.

"अरे, बँक मला सारखी बाहेर काढतेय."

"पासवर्ड चुकला असेल, बाबा."

"पासवर्ड बरोबर आहे. आत घेते, नाव दाखवते, आणि पैसे पाठवायला गेलो की हाकलते."

बाजूला बसून बघितलं. अगदी तसंच. लॉगिन व्हायचं, शिल्लक दिसायची, 'पुढे' दाबलं की 'आपले सत्र संपले आहे'. बँकेच्या बाजूने बघा: आत आलेला माणूस एका पत्त्यावरून आला आणि अर्ध्या मिनिटाने तोच माणूस दुसऱ्याच कंपनीच्या पत्त्यावरून पैसे मागतोय. हाकलणार नाही तर काय करेल? बाबांची दोन कनेक्शनं दोन वाटांनी गेली होती.

इथे माझी फजिती सांगायलाच हवी. एमवॅन३ बरोबर काही तयार नियम येतात. त्यातला एक ४४३ पोर्टासाठी (हा वायरीचा पोर्ट नव्हे, सुरक्षित साइट ज्या क्रमांकावर चालतात तो) असतो, 'स्टिकी' म्हणजे चिकटून राहणारा. काय आहे ते न कळल्यामुळे मी सुरुवातीलाच तो 'उगाच कचरा' म्हणून पुसला होता. ज्या यंत्राने सुरक्षित साइटसाठी एकदा एक वाट धरली, त्याला काही वेळ त्याच वाटेवर धरून ठेवायचं काम तो करतो, कोणी वेळ बदलली नाही तर ६०० सेकंद. बाबांचा आजार आणि मी फेकलेलं औषध एकच. नियम परत घातला. शिवाय बाबांच्या लॅपटॉपला कायमचा एक पत्ता बांधून दिला आणि त्यासाठी वेगळं धोरण लिहिलं: आधी फायबर, फायबर मेलं तरच सिम.

ते धोरण लिहिताना वाटलं, हे सगळ्यांसाठीच का नको? सारखं वाटण्यात मिळत काय होतं? ५ ला २ हे प्रमाण कनेक्शनांच्या संख्येचं. त्यातलं एक कनेक्शन म्हणजे घड्याळाची वेळ विचारणारी चार अक्षरं असू शकतात आणि दुसरं म्हणजे टीव्हीवरचा आख्खा सिनेमा. फायबर तुडुंब भरलंय आणि सिम रिकामं पडलंय, तरी राउटर नियमाप्रमाणे पुढचं कनेक्शन बिनधास्त फायबरवरच टाकतो, कारण कुठली लाइन किती भरलीय ते तो बघतच नाही. त्यात सिमचा वेग दुपारी ४० आणि रात्री १२. मी लिहिलेला २ चा आकडा दिवसभर २च.

म्हणून यंत्रं वाटायला बसलो. बायकोचा ऑफिसचा लॅपटॉप आणि बाबांचा लॅपटॉप फायबरवर. टीव्ही आणि रात्री चालणारा बॅकअप सिमवर. टीव्ही पुढचं थोडं आधीच आणून साठवून ठेवतो, त्यामुळे वेग खालीवर झाला तरी बघणाऱ्याला कळत नाही. बोलणाऱ्या माणसाला पुढचं वाक्य साठवून ठेवता येत नाही. उरलेले फोन वगैरे दोन्हींवर, नाणं उडवून.

टीव्हीला १९२.१६८.५०.३० हा पत्ता बांधला, नियम लिहिला, सिनेमा लावला. आलेखात फायबर वर चढलं, सिम शांत. नियम वरखाली करून पाहिला, कारण यादीत जो आधी जुळतो तोच लागतो. राउटर बंद-चालू केला. टीव्ही बंद-चालू केला. वजनं १ ला ५ केली. काही उपयोग नाही. दोन संध्याकाळी गेल्या, मुलगी विचारायला लागली की टीव्ही आज 'खरा' चालू आहे की 'टेस्टिंग'साठी. शेवटी टीसीपीडंप नावाचं साधन लावून टीव्हीचं एकेक पाकीट, म्हणजे माहितीचा एकेक तुकडा, बघितलं, आणि १९२.१६८ ने सुरू होणारं त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. होते ते लांबलचक, मध्ये अपूर्णविरामाच्या ठिपक्यांच्या जोड्या असलेले पत्ते. आयपीव्ही६, नेटच्या पत्त्यांची नवी पद्धत.

फायबरची कंपनी आयपीव्ही६ देत होती, सिमच्या डब्याकडून ते माझ्या राउटरपर्यंत येत नव्हतं. दोन्ही उपलब्ध असले की यंत्रं शक्यतो आयपीव्ही६ घेतात. मी नियम लिहिला जुन्या पत्त्यासाठी आणि टीव्ही बाहेर पडत होता नव्या पत्त्याने. दाराला कुलूप लावलं, पण तो खिडकीतून ये-जा करत होता. यात आणखी एक अडचण मुळातली आहे. आयपीव्ही६ मध्ये घरातल्या प्रत्येक यंत्राला थेट बाहेरचा पत्ता मिळतो, आणि तो पत्ता ज्या कंपनीने दिला तिच्याच वाटेने जावं लागतं. दोन कंपन्यांनी दोन पत्ते दिले तर वाट निवडतं यंत्र, राउटर नव्हे. मी घराच्या बाजूला आयपीव्ही६ बंद केलं. हे योग्य उत्तर नाही हे मला माहीत आहे, याबद्दल कोणी रागावलं तर ऐकून घेईन. टीव्ही मात्र त्या क्षणी सिमवर आला.

तरीही बायकोच्या मीटिंगमध्ये आवाज तुटायचाच. फायबर तिच्यासाठी मोकळं ठेवलं होतं, टीव्ही बाजूला केला होता. पिंग चालू ठेवून बसलो. एरवी ८ मिलिसेकंद. मध्येच ४००, मग ३८०, मग ४२०, दोन मिनिटांनी परत ८. शोधलं तर बाबांचा लॅपटॉप फोटो वर चढवत होता. फायबरची वर पाठवायची क्षमता २०. फोटोंनी ती भरली की बाकीची पाकिटं फायबरच्या डब्यातल्या लांब रांगेत उभी, आणि आवाजाचं छोटं पाकीट त्या रांगेच्या शेपटाला. याला दुसरी लाइन हा इलाजच नाही. राउटरमध्ये रांग सांभाळणारं एसक्यूएम घातलं, रांग लावायची पद्धत म्हणून त्यातलं 'केक' निवडलं, आणि मर्यादा लाइनच्या क्षमतेहून जरा खाली ठेवली: उतरायला ९२, चढायला १८. खाली ठेवायची कारण रांग लागलीच तर ती आपल्या राउटरमध्ये लागावी, जिथे कोणाला आधी सोडायचं ते आपल्या हातात असतं. पुन्हा फोटो चढवायला लावले. पिंग १४. घरातल्या नेटबद्दलच्या तक्रारींतली निम्मी त्या संध्याकाळी संपली. दुसऱ्या लाइनच्या आधी हे करून बघितलं असतं तर ती कदाचित घेतलीच नसती.

एक किरकोळ: अधूनमधून पान उघडायच्या आधी दोन-तीन सेकंद काहीच व्हायचं नाही. राउटर साइटच्या नावांचे पत्ते विचारत होता फायबर कंपनीच्या डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर), पण प्रश्न कधीकधी सिमच्या वाटेने जायचा, आणि तो सर्व्हर बाहेरच्यांना उत्तर देत नाही. त्याऐवजी सगळ्यांना उत्तर देणारे १.१.१.१ आणि ९.९.९.९ दिले, संपलं.

आता मूळ कामाची परीक्षा, लाइन गेली तर काय. सिमच्या डब्यातून सिमच काढलं. डब्यावरचा दिवा लाल. राउटरवर मात्र 'ऑनलाइन'. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी 'ऑनलाइन', आणि टीव्हीवर गोल फिरतोय. लाइन जिवंत आहे का हे बघायला मी राउटरला डब्याचाच पत्ता दिला होता. डबा बिचारा जिवंतच होता, विचारलं की 'हो' म्हणत होता. त्याच्या पलीकडे जग उरलेलं नाही हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मग तपासायला लांबचे दोन पत्ते दिले, ८.८.८.८ आणि १.१.१.१, म्हणजे त्यातला एखादा स्वतःच गप्प असला तरी घोटाळा नको. दर ५ सेकंदांनी विचारायचं, सलग ३ वेळा उत्तर नाही आलं तर लाइन मेली समजायचं. साधारण पंधरा सेकंदांत टीव्ही फायबरवर सरकला.

फायबरची परीक्षा मी घेतली नाही, ती एके दिवशी आपोआप झाली. फोन सरकले, बाबा सरकले. बायकोचं ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या जाळ्यात नेणारी बंदिस्त वाट) काही केल्या सरकेना, तिचं सगळं ठप्प. बाकी नेट तिच्याच लॅपटॉपवर व्यवस्थित. व्हीपीएन दर थोड्या सेकंदांनी 'मी आहे' असं एक पाकीट पाठवत असतं. राउटरच्या वहीत त्या कनेक्शनची नोंद होती आणि नोंदीत बाहेरचा पत्ता फायबरचा. वापर थांबला तर अशी नोंद थोड्या वेळाने आपोआप पुसली जाते, पण या पाकिटांमुळे ती दर वेळी ताजी होत होती. मेलेल्या लाइनच्या नावाने पत्रं चालूच. एमवॅन३मध्ये लाइन तुटली की ही वही कोरी करायची सोय आहे, मी ती लावली नव्हती. लावली. पुढच्या वेळी व्हीपीएन तुटलं, पण वीस सेकंदांत स्वतःच परत जोडलं गेलं. मीटिंग चालू असेल तर ती एकदा तुटतेच. बाहेरचा पत्ता बदलल्यावर त्याला उपाय नाही.

परत येताना वेगळाच त्रास. फायबर आलं, गेलं, आलं, गेलं. दुरुस्ती चालू असताना असंच होतं बहुतेक. प्रत्येक वेळी आख्खं घर इकडून तिकडे. म्हणून 'आली' म्हणायला सलग ८ वेळा उत्तर हवं असं केलं. जायला घाई, यायला सवड.

आणि एकदा वीज गेली. दोन कंपन्या, दोन वायरी, दोन वेगळे रस्ते, आणि सगळं एका भिंतीच्या सॉकेटवर. छोटा यूपीएस आणला. राउटर अजून एकच आहे. सेटिंगची फाइल उतरवून ठेवलीय, एवढंच.

मी घरी नसताना काय करायचं हे बाबांना लिहून हवं होतं. कागदावर लिहिलं: 'नेट गेल्यास आधी एक मिनिट काहीही न करता थांबणे. तरीही न आल्यास काळा डबा (राउटर) बंद करून चालू करणे. पांढऱ्या डब्याला व वायरींना हात लावू नये.' तो कागद राउटरच्या वर भिंतीला चिकटवला. परवा बघितलं, खाली बाबांच्या अक्षरात एक ओळ वाढलेली: 'मात्र बँकेचे काम चालू असल्यास मला विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नये.'